हातगुणाचे गणित

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका विज्ञान-शिबिरात आदिवासी भागातील आश्रमशाळेच्या एका शिक्षकांनी मला विचारले, "तालुक्याला दवाखाना आहे, रुग्णवाहिका आहे, गावात आशाताई आहे. तरी मूल पार गळून जाईपर्यंत लोक भगताकडेच का जातात? आम्ही अंधश्रद्धेवर इतके बोलतो, त्याचा काहीच उपयोग होत नाही का?" त्यांच्या प्रश्नात राग होता आणि दुःखही होते. त्यांच्या वर्गातील चौथीच्या एका मुलीचा धाकटा भाऊ, जेमतेम सात महिन्यांचा, त्या पावसाळ्यात न्यूमोनियाने दगावला होता.

उत्तर म्हणून मी त्यांना माझ्या घरचीच एक गोष्ट सांगितली. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला सर्दी-खोकला आणि ताप आला. मी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. साध्या सर्दीच्या विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. पण तिसऱ्या रात्री ताप चढला तेव्हा माझा धीर सुटला. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि मी मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी प्रतिजैविकाची बाटली लिहून दिली. ती कशासाठी, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. सासूबाई म्हणाल्या, "दृष्टच लागली होती." मी म्हणाले, "डॉक्टरांचा हातगुण चांगला आहे."

आम्हा दोघींजवळ पुरावा एकच होता आणि दोघींच्याही निष्कर्षाला तो सारखाच अपुरा होता. विषाणूंमुळे येणारा ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. प्रयोगशाळेत 'तुलनेसाठी दुसरा गट कुठे आहे?' असे विचारल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष मान्य करत नाही. घरी मात्र तो प्रश्न मला सुचलाही नाही. मूल आजारी असताना कुटुंबे निर्णय कसा घेतात हे समजून घ्यायचे, तर 'ते लोक' असा विचार सोडून इथूनच सुरुवात केलेली बरी.

चार प्रश्न

मूल आजारी पडले की घरातील माणसांना साधारण चार प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात.

पहिला प्रश्न: हा काळजी करण्यासारखा आजार आहे का? पाच वर्षांखालील मुलांना वर्षातून अनेकदा खोकला होतो. त्यातला कोणता खोकला न्यूमोनियाचा, हे आईने कसे ओळखायचे? नवजात बाळाच्या बाबतीत तर हे आणखी अवघड असते. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला ताप येईलच असे नाही. ते उलट थंड पडते, दूध ओढणे कमी करते, त्याचे रडणे क्षीण होते. घरच्यांना वाटते, बाळ आज शांत निजले आहे.

दुसरा प्रश्न: हे कशामुळे झाले? आजाराला जे नाव मिळते, त्यावर पुढची वाट ठरते. 'ताप' म्हटले की डॉक्टर, 'नजर' किंवा 'बाहेरचे' म्हटले की भगत. 'दात येताहेत म्हणून जुलाब होताहेत' असे म्हटले की काहीच करायला नको. ही समजूत शहरातील शिकलेल्या घरांतही आहे. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापवलेल्या विळ्याने पोटावर डाग देतात. त्याला 'डंबा' म्हणतात. ही प्रथा क्रूर आहे आणि तिने बाळाची हानीच होते. पण तिच्यामागेही एक निरीक्षण असू शकते. न्यूमोनियात धाप लागली की बाळाचे पोट जोरजोराने वरखाली होते, 'पोट उडते'. पाहणाऱ्याला रोग पोटातच आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. निरीक्षण खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

तिसरा प्रश्न: ठरवायचे कोणी? बदल सर्वांत आधी आईच्या लक्षात येतो. पण पैसे नवऱ्याच्या हातात असतात, 'थांब, उद्या बघू' हे सासूच्या तोंडी असते आणि गाडी शेजाऱ्याची असते. मूल मुलगा आहे की मुलगी, यावरही अनेक घरांत घाईचे आणि खर्चाचे प्रमाण बदलते. हे आपल्याला मान्य करायला आवडत नाही, पण ते खरे आहे.

चौथा प्रश्न: जायचे कुठे आणि कसे? मैदानी भागात 5,000 आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून आहे. पण जुलाबाचे आणि न्यूमोनियाचे कितीतरी आजार नेमके पावसाळ्यात येतात, म्हणजे धानाच्या रोवणीच्या दिवसांत. दवाखान्यात जायचे म्हणजे दोघांची मजुरी बुडणार, बाकीच्या मुलांना कोणी सांभाळायचे हा प्रश्न, आणि तिथे पोचल्यावर कोणी भेटेल याची खात्री नाही. ही शंका निराधार नसते. 2002-03 मध्ये राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर डुफ्लो यांनी आरोग्यसेवेची पाहणी केली. तिथली उपकेंद्रे कामाच्या वेळेत निम्म्याहून अधिक वेळा बंद आढळली, आणि ती कधी उघडी असतील याला काही नियमही नव्हता. भगत मात्र घरी असतो. मोटारसायकलवरून फिरणारा डॉक्टर, त्याच्याकडे पदवी असो वा नसो, रात्रीही येतो आणि पैसे पुढच्या बाजाराला घेतो.

म्हणजे कुटुंब विचार करत नाही, असे नाही. हाताशी असलेल्या माहितीवर, वेळेवर आणि पैशांवर ते विचार करते. अडचण अशी, की त्यातली माहितीच फसवी असते.

अनुभव का फसवतो?

आता थोडे गणित करू. आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. समजा, एका पावसाळ्यात एका पट्ट्यातील 100 लहान मुलांना खोकला आणि ताप आला. त्यांपैकी 97 मुले काहीही केले नाही तरी आठवड्याभरात बरी होणारी आहेत. उरलेल्या तिघांना न्यूमोनिया आहे. 50 मुलांना भगताकडे नेले, 50 मुलांना इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरकडे नेले. भगताच्या 50 पैकी 49 बरी झाली, डॉक्टरच्या 50 पैकी 48. दोघांचाही हातगुण उत्तम! मंत्राचा आणि इंजेक्शनचा, दोन्हींचा परिणाम शून्य धरला तरी हेच उत्तर येते.

आता त्या तीन मुलांचे पाहू. चार दिवस गेले, मूल दूध घेईना, मग धावाधाव करून तिघांनाही तालुक्याच्या रुग्णालयात नेले. उशीर झालेला होता. दोघे वाचले, एक दगावले. गावाच्या हिशेबात रुग्णालयाची नोंद कशी होते? 'तीन पोरे नेली, एक परत आले नाही.' भगताकडे 50 पैकी 49 बरी झाली आणि रुग्णालयात तिनांतले एक गेले, तर पुढच्या वेळी माणूस कुठे जाईल?

खरे तर रुग्णालयाने दोन मुलांचे प्राण वाचवले आणि भगताने एकाचेही नाही. पण रुग्णालयात सर्वांत आजारी मुले सर्वांत शेवटी पोचतात, हे या हिशेबात दिसत नाही. एकेका कुटुंबाच्या अनुभवात तर तीन-चारच मुले असतात. एवढ्या अनुभवातून हे कधीच शिकता येणार नाही, मग ती आई निरक्षर असो वा पीएच.डी. असो. अनुभवावरून शिकणे ही चांगली सवय आहे. पण जो आजार बहुधा आपोआप बरा होतो, त्याच्या बाबतीत अनुभव हा वाईट शिक्षक आहे.

जे दिसते त्यावर विश्वास

जुलाबाच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. लहान मुले जुलाबाने दगावतात ती मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. लहान आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणीही शरीरात येते. ही यंत्रणा जुलाब चालू असतानाही काम करत राहते. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, याच तत्त्वावर आधारलेली आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना ते पाजायला सांगितले. सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्याही खाली आले. औषध देणारे हात घरच्याच माणसांचे होते.

इतका साधा आणि स्वस्त उपाय घरोघर लगेच रुजायला हवा होता. तसे झाले नाही. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे 26 टक्के मुलांनाच जलसंजीवनी मिळालेली होती. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे 61 टक्क्यांवर आले. झिंकच्या गोळ्या जुलाबाचे दिवस कमी करतात, पण त्या सुमारे 31 टक्के मुलांनाच मिळाल्या.

याचे एक कारण असे, की जलसंजीवनी जुलाब थांबवत नाही! ती फक्त गेलेले पाणी भरून काढते. मुलाचे प्राण वाचत असतात, पण लंगोट पूर्वीइतकेच भिजत असतात. 'गुण येईना' म्हणून घरचे लोक दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतात. इंजेक्शन दिसते, सलाइनची बाटली दिसते, जुलाब थांबवणाऱ्या गोळीचा परिणाम दिसतो. शरीरातील पाण्याचा हिशेब मात्र डोळ्यांना दिसत नाही.

बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेला याचा चांगलाच अनुभव आला. 1980 पासून दहा वर्षे त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे द्रावण करायला शिकवत होत्या. एक कोटीहून अधिक घरांत त्या पोचल्या. आया कृती बिनचूक सांगत, पण मूल आजारी पडल्यावर सुरुवातीला फार थोड्या जणी ते द्रावण वापरत. शोध घेतल्यावर दोन गोष्टी कळल्या. घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. आणि शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनाच त्या द्रावणाची पुरती खात्री नव्हती. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. दोन्ही उणिवा दूर केल्यावर वापर वाढत गेला. आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

डॉक्टरही अंदाजच बांधतात

मग डॉक्टर तरी जलसंजीवनी का लिहून देत नाहीत? 2024 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचे उत्तर शोधले. कर्नाटक आणि बिहारमधील 253 गावे-शहरांतल्या दोन हजारांहून अधिक खासगी व्यावसायिकांकडे प्रशिक्षित माणसे पाठवली गेली. 'माझ्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत' अशी बतावणी करून ती औषध मागत. काही जण फक्त आजार सांगत. काही जण 'मागे जलसंजीवनी दिली होती, तशीच द्या' अशा अर्थाचे बोलत.

उत्तर अनपेक्षित होते. जलसंजीवनी न देण्यामागे दुकानात पुड्या नसणे किंवा दुसऱ्या औषधांतून जास्त नफा मिळणे, या कारणांचा वाटा प्रत्येकी 5-6 टक्क्यांच्या आसपास निघाला. सर्वांत मोठा, सुमारे 42 टक्के वाटा होता तो 'घरच्यांना हे नको असते' या समजुतीचा! ज्यांनी तोंडाने मागितले त्यांना जलसंजीवनी मिळण्याचे प्रमाण 27 टक्के-अंकांनी वाढले.

म्हणजे कुटुंबाला वाटते, ज्याने ठसठशीत औषध दिले तो डॉक्टर चांगला. डॉक्टरला वाटते, साधी पुडी दिली तर हे उद्या दुसरीकडे जातील. दोघेही एकमेकांच्या मनाचा अंदाज बांधत बसतात आणि मुलाला नको ते औषध मिळते. एका बाजूने 'जलसंजीवनी देता का?' एवढे विचारले तरी हा गुंता सुटू लागतो. माझ्या मुलाच्या वेळी 'हे प्रतिजैविक खरेच लागेल का?' असे मी विचारले असते, तर कदाचित ती बाटली मिळालीच नसती.

श्वास मोजणाऱ्या दाया

जुलाबासाठी हे झाले. न्यूमोनियाचे काय? त्यासाठी फुप्फुसाचा फोटो आणि स्टेथोस्कोप लागतोच, असे पूर्वी मानले जाई. 1980 च्या दशकात पापुआ न्यू गिनी येथे फ्रँक शान यांनी दाखवून दिले की श्वासाची गती मोजूनही पुष्कळ काम भागते. फुप्फुसाला सूज आली की ते ताठरते. खोल श्वास घेणे कठीण होते, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेते. आज सर्वत्र वापरली जाणारी मोजपट्टी अशी आहे: खोकला असलेले मूल शांत असताना एका पूर्ण मिनिटात दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाखालील बाळाचे 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांखालील मुलाचे 40 किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी उपचार मिळवायचे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे ज्ञान गावात नेले. पण गावातील अनेक दायांना पन्नासपर्यंत अंक येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. दाया, आरोग्यदूत आणि कर्मचाऱ्यांनी दिलेल्या गोळ्या-औषधांनी उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते 13.5 टक्के होते. हा अभ्यास 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1999 मध्ये त्यांनीच घरोघरी नवजात बालसेवेचे निष्कर्ष मांडले. त्यात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

इथे तुलनेसाठी दुसरा गट होता, म्हणूनच 'गुण औषधाचा' असे म्हणता आले. आणि मुख्य म्हणजे, या कामात कोणालाही अडाणी म्हणून हिणवले गेले नाही. मघाच्या चारही प्रश्नांची उत्तरे सोपी करण्यात आली. आजार ओळखता आला, त्याला योग्य नाव मिळाले, लाल मणी सासूलाही दिसला आणि औषध दारातच मिळाले. मेळघाटात भूमका, म्हणजे कोरकूंचा वैदू, यालाच आजारी मूल दवाखान्यात पाठवण्याच्या कामात सामील करून घेण्याचा प्रयत्न आरोग्य खात्याने केला, त्यामागचा विचारही हाच होता.

वर्गात काय करता येईल?

पाचवीपासून पुढच्या कोणत्याही वर्गात दोन कृती करता येतील.

पहिली कृती: प्रत्येक विद्यार्थी 'आजारी' आहे असे समजा. वर्गाचे तीन गट करा: एक मंत्राचा, एक रंगीत पाण्याच्या औषधाचा आणि एक काहीच उपाय न करणारा. प्रत्येकाने फासा टाकावा. 1 ते 5 पडल्यास 'बरा झाला', 6 पडल्यास 'आजारी राहिला'. आधी फक्त पहिल्या दोन गटांचे निकाल फळ्यावर लिहा आणि कोणता उपाय चांगला यावर वाद होऊ द्या. मग तिसऱ्या गटाचा निकाल लिहा. पुढे काही सांगावे लागणार नाही.

दुसरी कृती: विद्यार्थ्यांनी घरातील किंवा शेजारच्या लहान मुलाचे श्वास ते झोपलेले असताना मोजावेत. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो; पूर्ण मिनिट मोजावा. निरोगी मुलांच्या नोंदी वर्गात आणून वयाप्रमाणे तक्ता करावा.

सोबत वहीत हेही लिहून घ्यावे: मूल काहीच पीत नसेल, प्यालेले सर्व उलटून टाकत असेल, त्याला झटके आले असतील, ते गुंगीत असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर एक तासही न थांबता रुग्णालय गाठावे. जुलाब सुरू झाले की पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंगावरचे दूध आणि खाणे बंद करू नये.

त्या शिबिरात मी हे सगळे बोलले तेव्हा ते शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो पोरगा दिवसभर त्या मुलीच्याच कडेवर असायचा. आईबाप रोवणीला जायचे. त्याची धाप तिनेच सगळ्यांच्या आधी पाहिली असणार."

तिला शंभरपर्यंत मोजता येत होते. काय मोजायचे, ते आपण तिला सांगितले नव्हते.